खमीसचा गुडघा

आयुष्यात मला जेवढे धक्के बसले, त्यातले निम्मे दुसऱ्यांच्या गुडघ्यांनी दिले. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्या एका काकांनी "म्हणजे मालिशवाले का?" असं विचारलं होतं. तेव्हापासून मी खुलासा करत आलोय, तर इथेही करून टाकतो. मालिश आम्ही करतो, पण तो कामाचा एक कोपरा झाला. दुखावलेल्या सांध्याला पुन्हा हलायला शिकवायचं, त्याच्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे आणि पेशंटला "आज एवढंच, जास्त नको" हे पटवायचं, हे खरं काम. त्यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड.

मस्कतमध्ये अल् घुब्राला एका दवाखान्यात मी नोकरीला लागलो आणि तिथेच केस पांढरे केले. सकाळी शाळेतल्या शिक्षिकांच्या माना, संध्याकाळी रुसैलच्या कारखान्यांतून बसने येणाऱ्या कामगारांच्या कंबरा. याच्या जोडीला एका लहानशा फुटबॉल क्लबचं काम गळ्यात पडलं. सामन्याच्या दिवशी औषधाची बॅग, बर्फाचा डबा आणि चिकटपट्ट्यांची गुंडाळी घेऊन कडेला बसायचं, खेळाडू पडला की धावायचं. क्लबचं नाव सांगत नाही. तो कधी वरच्या श्रेणीत गेला नाही, म्हणजे सांगूनही तुम्हाला कळणार नाही.

पहिला धक्का पहिल्याच सामन्याला बसला. माझी समजूत अशी की प्रेक्षक विरुद्ध संघाला शिव्या घालतात. इथे सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलेली ती मूठभर मंडळी आपल्याच खेळाडूंच्या नावाने शंख करत होती. आपला गोलरक्षक आंधळा, आपला डावा बचावपटू झोपलेला, आपला मधल्या फळीतला पोरगा सासुरवाडीला आल्यासारखा खेळतोय. मला वाटलं, सामना संपल्यावर मारामारी होणार. सामना संपल्यावर ह्याच लोकांनी त्याच पोरांना मिठ्या मारल्या, खजूर भरवले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

दुसरा धक्का दवाखान्यात. क्लबचा मी माणूस आहे हे कळल्यावर माझ्याकडचे पेशंट एकाएकी वाढले. कोणाचा खांदा धरला होता, कोणाची कंबर. तपासावं तर सगळं ठणठणीत. हात वर करायला लावला की तो वर असतानाच हळूच प्रश्न यायचा, "दख्तूर, कल नौ नंबर खेलेगा क्या?" दुखणी सगळी खोटी, बातमी खरी हवी. आमच्या धंद्यात एक नियम आहे, टेबलावर जे कळलं ते टेबलावरच राहतं. त्यामुळे मी कोणालाच काही सांगत नसे आणि ते कोणीच यायचं थांबत नसत.

यातले तिघे कायमचे. बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसून ते क्लबच्या आजी-माजी खेळाडूंवर असे निकाल द्यायचे की मी त्यांना खंडपीठ म्हणायला लागलो. अबू सालिम हे बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले ओमानी गृहस्थ. हिंदी ते बंदरावरच शिकले, त्यामुळे त्यांच्या हिंदीत व्याकरण कमी आणि हुकूम जास्त. दुसरे दाऊदभाई, दापोलीकडचे, मवालेहच्या बाजारात कांद्या-बटाट्याचे व्यापारी. आणि तिसरे सावंत. वेंगुर्ल्याजवळचे. रुसैलच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि कंपनीच्याच खोलीत राहायचे. गुरुवारी संध्याकाळी सरावालासुद्धा हजर, पाण्याच्या बाटल्या स्वतः वाटणार. खेळाडू त्यांना सावंत चाचा म्हणत.

खंडपीठाचा आवडता वाद म्हणजे क्लबच्या सगळ्या काळातले सर्वोत्तम अकरा कोण. हा वाद मी माझ्या तिथल्या सगळ्या नोकरीभर ऐकला. गोलरक्षकावरून दाऊदभाई आणि अबू सालिम एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. एकाच गोष्टीवर त्या काळी तिघांचं एकमत होतं, ते म्हणजे पाच नंबर. बचावाच्या मधोमध खेळणारा, संघाचा कप्तान, खमीस.

खमीस ताडमाड, कमी बोलणारा, दिवसा शाळेची बस चालवणारा. त्याच्या अंगावर आदळून समोरचे खेळाडू परत जायचे. त्याचा उजवा गुडघा मात्र कुरकुरत होता. ती कुरकुर मी सांभाळत होतो. बर्फ, व्यायाम, पट्टी, विश्रांती. त्या वर्षी नशीब असं की शेवटचा एक सामना जिंकला असता तर आमचा क्लब वरच्या श्रेणीत गेला असता. खंडपीठाची झोप उडाली होती. "खमीसचो गुडगो रवात मा?" टिकेल ना, असं सावंत दिवसातून दोनदा फोन करून विचारायचे. मी म्हणायचो, "बघू." त्यांना "बघू" हे उत्तर सहन होत नसे.

एकदा ते माझ्या खोलीत आले, दार लोटलं आणि पावडरचा एक जुना डबा टेबलावर ठेवला. आत बिब्बे. वाक्प्रचारातला नव्हे, खरा बिब्बा. नव्या वाचकांसाठी सांगतो, ही काळी चपटी टणक बी असते. तापवलेली सुई टोचली की तेल सुटतं आणि आपल्याकडे दुखऱ्या जागेवर त्या तेलाच्या फुल्या काढतात. काहींना मानवतो. ज्यांना मानवत नाही त्यांच्या अंगावर तो असा उततो की बघवत नाही. माझ्या आत्याचा हात त्यापायी महिनाभर गळ्यात बांधलेला मी पाहिला होता.

"तुमच्या मशिनीन काय होवचा नाय, डॉक्टर," सावंत म्हणाले आणि आईचा दाखला दिला. "आमच्या आवशीन निम्म्या गावाचे गुडगे ह्येनी बरे केल्यान."

"सावंत, इथे हे कोणाला लावू नका," मी म्हणालो. "लोकांच्या कातडीला सवय नाही. काही झालं तर भलतंच होऊन बसेल."

"छ्या! मी कित्याक लावतंय?" असं म्हणून त्यांनी डबा उचलला. मीही विसरून गेलो.

सामन्याच्या दिवशी खमीस गुडघ्याला घट्ट पट्टी बांधूनच आला. मी म्हटलं, सोड, मी बांधतो. तो म्हणाला, "ठीक है दख्तूर, ठीक है." खेळायला लागला. पूर्वार्धात त्याने एकट्याने दोन हल्ले परतवले. उत्तरार्धात मला दिसलं की तो धावताना पाय ओढतोय. बरोबरी चालू होती. आणि मग, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना, खमीस मैदानात खाली बसला आणि त्याने हात वर केला. कोणी त्याला धक्का मारला नव्हता, कोणी पाडलं नव्हतं. मी धावत गेलो. त्याचं अंग तापाने फणफणलं होतं. "इधर मत खोलो," एवढंच म्हणाला. "अंदर."

आत गेलो. पट्टी कातडीला चिकटली होती, कात्रीने कापून काढावी लागली. गुडघा सुजून लाल, सगळीकडे पाण्याने भरलेले फोड, अर्धे फुटलेले. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, गुडघ्याच्या दोन्ही अंगांना, व्यवस्थित काढलेल्या काळ्या फुल्या. मस्कतमध्ये, एका ओमानी कप्तानाच्या गुडघ्यावर, माझ्या आत्याचा हात माझ्यापुढे होता. बाहेरून तेवढ्यात ओरडा आला. खमीसच्या रिकाम्या जागेतून विरुद्ध संघाने गोल केला होता.

"सावंतने लगाया?" मी विचारलं.

खमीस छताकडे बघत होता. "प्यार से लगाया," तो म्हणाला. "दूसरे दिन फोन किया, कैसा है. मैं बोला बहुत अच्छा. इतना खुश हुआ वो." मग त्याने माझं मनगट धरलं. त्या अवस्थेतही पकड पोलादी होती. "दख्तूर, ये बात इधर खलास. क्लबवाले पुलिस में जाएगा. कंपनी उसका वीज़ा काटेगा. उसकी बेटियां पढ़ती हैं."

हे सगळं खरं होतं. त्या दिवशी सामना हरल्यामुळे क्लबचे लोक इतके पेटले होते की परक्या देशातल्या एका स्टोअरकीपरने कप्तानाचा पाय भाजला हे कळतं तर सावंतांना पुढच्या विमानात बसवलं असतं. खमीसने क्लबला सांगितलं की पोटात कळ आली. मी त्याला इस्पितळात नेलं, काय लागलंय ते तिथल्या डॉक्टरला सांगितलं, कोणी लावलं ते सांगितलं नाही. खमीसच्या आग्रहावरून सावंतांनासुद्धा नाही. "उसको पता चला तो वो खुद जाके बोल देगा," तो म्हणाला. सावंतांना तो चांगला ओळखत होता.

आता सगळ्यांत मोठा धक्का. पोटात कळ आली यावर पायऱ्यांवरच्या कोणाचाच विश्वास बसला नाही, तरी सुरुवातीला लोक सांभाळून घेत होते. दवाखान्याबाहेरच्या बाकावरून दाऊदभाई म्हणाले, "जुना गुडघा आहे, मोडला असेल बिचाऱ्याचा." अबू सालिमही मान हलवत होते. तेव्हा माझ्या टेबलावर पालथे पडलेले सावंत ताडकन उठून बसले.

"गुडगो बरो होतो! माका पक्क्या म्हायत हा!"

"तुमको कैसे मालूम?" बाहेरून अबू सालिमनी विचारलं.

"कसम खाके बोलता है! घुटना एकदम फर्स्ट क्लास था. उसने खुद बोला. वो डर गया, बस!"

मला कळेना की ह्या माणसाचं तोंड दाबावं की पाय धरावेत. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होते. आपण बिब्बा घातला, दुसऱ्या दिवशी "बहुत अच्छा" असं उत्तर आलं, आणि बरा केलेला गुडघा घेऊन हा माणूस मैदानात बसला. भित्रा नाही तर काय? बिब्ब्याचं नाव ते घेत नव्हते, कारण मी बजावलं होतं. पण शपथ मात्र जिथे जातील तिथे घेत होते. खमीसवर एवढी माया करणारा, त्याला पाणी पाजणारा माणूस शपथेवर सांगतोय म्हटल्यावर सगळ्या पायऱ्यांना ते पटलं. सर्वोत्तम अकरांतून पाच नंबर गेला. खमीसचं कप्तानपद गेलं. तो पुढे आणखी काही मोसम खेळला, गुडघ्याला कायम काळी पट्टी बांधून, कधी आत तर कधी बाहेर, आणि पायऱ्यांवरून "डरपोक" असा ओरडा यायचा. त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज सावंतांचा.

मी किती वेळा खमीसला म्हणालो, आता सांगू दे. तो म्हणायचा, "उनकी छोटी बेटी का कॉलेज बाकी है." खेळाडू म्हणून तो संपला आणि मग क्लबचा सहायक प्रशिक्षक झाला. त्या काळात मी बरेच गुडघे उभे केले. स्ट्रेचरवर कण्हत असलेला एक पोरगा पेनल्टी मिळाली हे ऐकून टुणकन उडी मारून धावत गेला होता, त्याची गोष्ट मी पाहुण्यांना हसत हसत सांगतो. खमीसची कोणाला सांगितली नाही. ते ओझं बाळगताना मला झोप लागायची नाही असं नाही, पण सावंतांनी आणलेले घावणे घशाखाली उतरायला त्रास व्हायचा.

मागच्या वर्षी सावंतांची नोकरी संपली. वय झालं, व्हिसा संपला, कायमचं गावी जायचं ठरलं. जाण्याच्या दिवशी शुक्रवार होता आणि संध्याकाळी क्लबचा सामना. सामान दाऊदभाईंच्या पिकअपमध्ये टाकून तिघेही दुपारी दवाखान्यात माझा निरोप घ्यायला आले. नेमका तेव्हाच खमीस संघाच्या नव्या पाच नंबरला, सैफला, घेऊन आला होता. सैफचा गुडघा दुखत होता आणि संध्याकाळी त्याला खेळायचं होतं. खमीस दिसल्यावर सावंतांनी मान फिरवली. ती त्यांची नेहमीची सवय होती.

मग त्यांनी हातातल्या पिशवीतून पावडरचा डबा काढला.

"ह्यो शेवटचो," ते मला म्हणाले. "आता जातंय तर सांगूनच टाकतंय. ह्या खमीसचो गुडगो मिया ह्येनीच बरो केललंय. तुमी रागावशात म्हणान बोललंय नाय. औषध बरा होता, पण माणूस भित्रो निगालो." आणि सैफकडे वळून, "आओ बेटा, पैर इधर करो. दो मिनट का काम."

सैफने पँटचा पाय वर केला. मोठ्या माणसाला नाही म्हणायची तिथे रीत नाही.

"नाही!" मी मधे उभा राहिलो.

"कित्याक नाय?" सावंत चिडले. "खमीसाक गुण इलो मगे..."

मी खमीसकडे बघितलं. मला वचन मोडायचं होतं आणि मोडता येत नव्हतं. खमीसने सैफला बाजूला सारलं, सावंतांच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि आपल्या पँटचा उजवा पाय गुडघ्याच्या वर नेला. नंतर ती काळी पट्टी सोडली.

कातडी तिथे कायमची गोळा झाली होती. आणि दोन्ही अंगांना त्या फुल्या, आता पांढऱ्या पडलेल्या. आपल्या हाताने काढलेली फुली माणूस ओळखतोच. सावंतांनी एक बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही.

"ह्यां... माजा काम?"

मी म्हणालो, "सामन्याच्या दिवशी हे सगळं उतलेलं होतं, सावंत. ताप होता. तसाच खेळला."

"या अल्लाह," अबू सालिम भिंतीला टेकले. दाऊदभाई तर खालीच बसले. सैफला कोणी समजावून सांगितलं नव्हतं, तरी तो मागे सरकला. सावंतांचा चेहरा असा झाला की मला त्यांची नाडी बघावीशी वाटली. मग ते भडकले, आणि भडकले ते खमीसवर.

"हमको बोला क्यों नहीं? इतना साल हम तुमको गाली दिया! सबके सामने! तुम एक गाली वापस नहीं दिया!"

"दिया," खमीस शांतपणे म्हणाला. "हर मॅच में दिया. अरबी में. आप खुश होके हाथ हिलाते थे."

हसायला कोणालाच सुचलं नाही. सावंत मटकन बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. खमीसने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढी वर्षं माणसांच्या खांद्यांवर काम करून मला तसा हात ठेवता आला नसता.

थोड्या वेळाने सावंतांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता ग्राउंडार जावया. माझो व्हिसा तसोय खलास झालो. मी सगळ्यांक सांगतंय." खमीस नको म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही.

मैदानावर सामना सुरू व्हायचा होता. नेहमीचे चेहरे, त्यांत बरीच नवी पोरं. सावंत सगळ्यांत वरच्या पायरीवर चढले आणि ओरडले, "सुनो! खमीस डरपोक नहीं था! उसका घुटना हम जलाया! ये हाथ से! दवाई लगाके जलाया!"

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्या पायऱ्या हसायला लागल्या. सावंत चाचा जाता जाता दोस्ताला वाचवतायत, असं त्यांना वाटलं. लोक उठून त्यांना मिठ्या मारायला लागले. "बड़ा दिल है चाचा का!"

"अरे मज़ाक नहीं! सच बोलता है!"

"चाचा," एक जुना माणूस हसत म्हणाला, "आप ही तो कसम खाके बोलते थे कि घुटना ठीक था. तब झूठ बोला कि अब झूठ बोलता है?"

सावंतांनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर, तुमी सांगा." मी सांगितलं. अबू सालिमनी सांगितलं, दाऊदभाईंनी कुराणाची शपथ घेतली. लोक मान डोलावत होते, जशी निरोपसमारंभातल्या भाषणांना डोलावतात. खमीस खाली मैदानाच्या कडेला पाठमोरा उभा होता, सैफशी काहीतरी बोलत. शिट्टी झाली आणि सगळे खेळ बघायला वळले. विमानाची वेळ झाली म्हणून दाऊदभाई सावंतांना दंडाला धरून घेऊन गेले.

सावंत दर शुक्रवारी गावाहून फोन करतात. क्लब जिंकला का हे आता विचारत नाहीत. "लोकांक पटला काय हो, डॉक्टर?" एवढंच. मी सांगतो, पटतंय हळूहळू.

परवाच्या सामन्याला माझ्या मागच्या पायरीवर एक पोरगा आपल्या मित्राला खमीस दाखवत होता. म्हणाला, तो बघ, आमच्या सगळ्यांत मोठ्या सामन्यात घाबरून खाली बसला होता. मित्र म्हणाला, दुखत असेल काहीतरी. "नाही रे," पोरगा म्हणाला, "एक सावंत चाचा होते, त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया करायचे. त्यांनी स्वतः शपथ घेऊन सांगितलं होतं."